प्रस्तावना : क्लोव्हरचे अर्क आणि अँटिऑक्सिडंटचा हिशेब

क्लोव्हर हे मुळात चाऱ्याचे पीक. युरोपातल्या शेतकऱ्यांनी ते गुरांसाठी आणि जमिनीचा कस राखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पेरले. आज त्याच क्लोव्हरचा अर्क गोळ्यांत, चहाच्या पुड्यांत आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये मिळतो, आणि त्यांच्या वेष्टनांवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ठळकपणे छापलेला असतो. गोठ्यापासून औषधाच्या दुकानापर्यंतच्या या वाटेवर काय सिद्ध झाले आणि काय नुसते गृहीत धरले गेले, हे मराठी वाचकाला नीट समजावे म्हणून हे पुस्तक लिहिले आहे.

या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : क्लोव्हरमध्ये अँटिऑक्सिडंट द्रव्ये आहेत, याबद्दल शंका नाही. पण अर्काची ‘अँटिऑक्सिडंट शक्ती’ म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो त्या झाडाचा कायमचा गुण नसतो. झाडाचा कोणता भाग घेतला, तो कसा वाळवला, कोणत्या द्रावकात काढला आणि कोणत्या चाचणीने मोजला, यावर तो आकडा ठरतो. परीक्षानळीतला आकडा आणि माणसाच्या शरीरातला परिणाम यांत तर फारच अंतर आहे. ते अंतर मोजायला क्लोव्हरइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल, कारण या वनस्पतीचा अभ्यास शेतीशास्त्र, पशुवैद्यक, रसायनशास्त्र आणि वैद्यक अशा चारही बाजूंनी झालेला आहे.

आधी झाडाची ओळख. ट्रायफोलियम या प्रजातीत सुमारे 250 जाती आहेत. अर्कासाठी सर्वांत जास्त वापरले जाते ते लाल क्लोव्हर, म्हणजे ट्रायफोलियम प्रॅटेन्स. पांढरे क्लोव्हर, म्हणजे ट्रायफोलियम रेपेन्स, युरोप आणि न्यूझीलंडच्या कुरणांचा कणा आहे. काश्मीर आणि हिमाचलच्या गवताळ उतारांवरही ते दिसते. आपल्याकडे शेतकऱ्याच्या ओळखीचे क्लोव्हर म्हणजे बरसीम. ते मूळचे इजिप्तकडचे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंधमार्गे भारतात आले. पाण्याची सोय असेल तिथे रब्बीत दुभत्या जनावरांसाठी ते पेरले जाते आणि त्याच्या अनेक कापण्या मिळतात. महाराष्ट्रात त्याहून अधिक रुळलेली लसूणघास आणि आपल्या रोजच्या जेवणातली मेथी या दोन्ही क्लोव्हरच्या जवळच्या नात्यातल्या. तिन्हींची पाने तीन-तीन पर्णिकांची असतात. मात्र कुंडीत आपोआप उगवणारी, हृदयाच्या आकाराच्या तीन पर्णिकांची आंबट आंबुशी हिचा क्लोव्हरशी काही संबंध नाही. तिचे कुळच वेगळे. अर्कांच्या अभ्यासात पहिली पायरी वनस्पती अचूक ओळखण्याची असते, म्हणून हे इथेच सांगितले.

आता ‘अँटिऑक्सिडंट’ या कल्पनेकडे वळू. ऑक्सिजनशिवाय आपण जगत नाही, पण पेशीत ऑक्सिजन वापरला जात असताना काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. त्यांच्यातल्या अनेकांकडे एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो. यांना मुक्त मूलक म्हणतात. ते शेजारच्या मेदाचा, प्रथिनाचा किंवा डीएनएचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि नुकसानीची साखळी सुरू होते. 1954 साली रेबेका गर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांमागे मुक्त मूलकांची एकच यंत्रणा असावी, असे मांडले. 1956 मध्ये डेनम हारमन यांनी वार्धक्याचे कारणही याच मूलकांत शोधले. 1969 मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे काम उलगडले, आणि शरीर स्वतःच या मूलकांचा बंदोबस्त करते हे स्पष्ट झाले. मूलकाला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊन साखळी थांबवणारे आणि तसे करून स्वतः बऱ्यापैकी स्थिर राहणारे द्रव्य म्हणजे अँटिऑक्सिडंट.

झाडाला ही द्रव्ये का लागतात, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. झाड उन्हातून उठून सावलीत जाऊ शकत नाही. पांढऱ्या क्लोव्हरवर न्यूझीलंडमध्ये झालेले प्रयोग या बाबतीत फार बोलके आहेत. या झाडांवर अतिनील-ब किरण सोडले, तेव्हा पानांतली फ्लॅव्होनॉल द्रव्ये वाढली. पण सगळी सारख्या प्रमाणात नव्हे. केम्फेरॉलच्या संयुगांपेक्षा क्वेर्सेटिनची संयुगे जास्त वाढली. या दोन रेणूंत फरक आहे तो एका हायड्रॉक्सिल गटाचा. क्वेर्सेटिनच्या एका कड्यावर असे दोन गट शेजारी-शेजारी असतात, आणि ही शेजारची जोडीच मूलकाला इलेक्ट्रॉन देण्यात तरबेज असते. दोन्ही द्रव्ये अतिनील किरण शोषतात. तरीही झाडाने जास्त वाढवले ते क्वेर्सेटिन, म्हणजे मूलके आवरण्यात सरस असलेले द्रव्य.

ओझोनची कथा अशीच. जमिनीलगतच्या हवेत प्रदूषणामुळे वाढणारा ओझोन पानांत शिरून ऑक्सिडीकरण घडवतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात पांढऱ्या क्लोव्हरचे दोन वाण निवडले गेले : ओझोनने चटकन करपणारा एनसी-एस आणि त्याला दाद न देणारा एनसी-आर. दोघांना शेजारी वाढवून त्यांच्या वाढीतला फरक पाहिला, की त्या परिसरातल्या ओझोनच्या उपद्रवाचा अंदाज येतो. युरोपातही ही जोडी अशा पाहणीसाठी वापरली गेली. एकाच जातीतली दोन झाडे ऑक्सिडीकरणाला इतका वेगळा प्रतिसाद देत असतील, तर ‘क्लोव्हरची अँटिऑक्सिडंट शक्ती’ असा एकच आकडा असणे शक्य नाही, हे इथेच लक्षात यावे.

लाल क्लोव्हरचे नाव बाजारात झाले ते आयसोफ्लॅव्होनमुळे. बायोकॅनिन-ए आणि फॉर्मोनोनेटिन ही त्यांतली दोन मुख्य द्रव्ये. त्यांच्या जोडीला जेनिस्टीन आणि डायड्झीन थोड्या प्रमाणात असतात. ही चारही एकमेकांची जवळची भावंडे आहेत. जेनिस्टीनला एक मिथिल गट जोडला की बायोकॅनिन-ए होते, आणि डायड्झीनला जोडला की फॉर्मोनोनेटिन. सगळी गोम या मिथिल गटात आहे. मूलकाला हायड्रोजन देणारा जो हायड्रॉक्सिल गट, त्याच्यावरच हा मिथिल गट बसलेला असतो. त्यामुळे क्लोव्हरची ही दोन प्रसिद्ध द्रव्ये नेहमीच्या मूलक-चाचण्यांत दुबळी ठरतात. अर्काच्या चाचणीत जोर दिसतो तो बराचसा क्वेर्सेटिनच्या संयुगांचा आणि कॅफिक आम्लापासून बनलेल्या द्रव्यांचा. म्हणजे वेष्टनावर टक्केवारी एका द्रव्याची आणि परीक्षानळीत काम दुसऱ्याचे, असा प्रकार सहज होऊ शकतो. आयसोफ्लॅव्होन जास्त म्हणजे अँटिऑक्सिडंट शक्ती जास्त, हा समज टिकत नाही.

झाडाच्या कोणत्या भागात काय असते, हेही नीट पाहायला हवे. लाल क्लोव्हरच्या पानांत आयसोफ्लॅव्होन भरपूर असतात आणि फुलांत त्यामानाने कमी. फुलांत फ्लॅव्होनॉल द्रव्यांचे महत्त्व वाढते. मुळांत फॉर्मोनोनेटिन तर असतेच, शिवाय माकियाइनसारखी बुरशीला अटकाव करणारी द्रव्येही असतात. परंपरेने चहा होतो तो फुलांचा. आयसोफ्लॅव्होनच्या गोळ्यांसाठी पाने असलेला जमिनीवरचा भाग कामाला येतो. ही दोन्ही उत्पादने ‘लाल क्लोव्हर’ या एकाच नावाने विकली जात असली, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती वेगळी आहेत. त्यात कापणी फुलोऱ्याआधी झाली की नंतर, वाळवताना ऊन किती लागले, काढणी पाण्यात केली की जलमिश्रित अल्कोहोलमध्ये, या प्रत्येक गोष्टीने अर्क बदलतो. ताज्या पानात आयसोफ्लॅव्होन बहुतांशी साखरेशी, आणि पुष्कळदा मॅलोनिक आम्लाशीही, जोडलेले असतात. उष्णतेने मॅलोनिक आम्लाचा भाग गळतो, आणि पाने चुरडली की त्यांतलीच विकरे साखरेचा भागही तोडतात. वाळवणे ही क्रियाच एक रासायनिक प्रक्रिया आहे.

या पुस्तकातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग फॅसेलिक आम्लाचा आहे. कॅफिक आम्ल आणि मॅलिक आम्ल यांच्या जोडणीतून बनलेले हे द्रव्य लाल क्लोव्हरच्या पानांत मुबलक असते. त्यातही शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट आहेत, म्हणजे ते उत्तम अँटिऑक्सिडंट आहे. त्याच पानात पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर असते. पान अखंड असेपर्यंत दोघे वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. पान चुरडले की त्यांची गाठ पडते, हवेतल्या ऑक्सिजनच्या साह्याने फॅसेलिक आम्लाचे क्विनोन बनते आणि पान तपकिरी होते. चिरलेले वांगे काळे पडते तेही याच जातीच्या विकरामुळे. हे क्विनोन प्रथिनांना जाऊन चिकटते आणि प्रथिने तोडणारी विकरे निकामी होतात. त्याचा फायदा पशुपालकांना मिळतो. मुरघास करताना लसूणघासेतली 44 ते 87 टक्के प्रथिने मोडून अप्रथिन नायट्रोजनमध्ये जातात असे आढळले आहे; लाल क्लोव्हरमध्ये हे प्रमाण 7 ते 40 टक्के एवढेच दिसले. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या संशोधकांनी 1995 मध्ये लाल क्लोव्हरच्या अर्काने इतर शिंबावर्गीय चाऱ्यातलेही प्रथिनांचे विघटन रोखले जाते, हे दाखवले.

यातून दोन धडे मिळतात. पहिला प्रयोगशाळेचा : ताजे पान खलबत्त्यात कुटून मग द्रावकात टाकले, तर मोजायचे द्रव्य मोजण्याआधीच खर्ची पडलेले असते. दुसरा त्याहून खोल. ज्या गुणामुळे एखादा रेणू अँटिऑक्सिडंट ठरतो, म्हणजे सहज इलेक्ट्रॉन देण्याची तयारी, त्याच गुणामुळे तो परिस्थिती बदलताच क्रियाशील क्विनोन होऊन प्रथिनांवर जाऊन बसतो. अँटिऑक्सिडंट ही रेणूची जात नाही. ती विशिष्ट परिस्थितीत त्याने बजावलेली भूमिका आहे.

मग चाचण्यांचे काय? सर्वांत लोकप्रिय आहे डीपीपीएच चाचणी. मार्सडेन ब्लॉइस यांनी 1958 मध्ये ‘नेचर’मध्ये ती मांडली. डीपीपीएच हे बाटलीत टिकणारे, गडद जांभळे मूलक आहे. अँटिऑक्सिडंट मिळाले की त्याचा रंग फिका पिवळा होत जातो, आणि 517 नॅनोमीटरला प्रकाशाचे शोषण किती घटले हे पाहून हिशेब मांडतात. फोलिन-चिओकाल्टो अभिकारक 1927 मध्ये प्रथिनांतल्या अमिनो आम्लांसाठी आला. सिंगलटन आणि रॉसी यांनी 1965 मध्ये तो वाइनमधल्या फेनॉल द्रव्यांसाठी बेतला. त्याचा निळा रंग ‘एकूण फेनॉल’ दाखवतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात क जीवनसत्त्व आणि काही शर्कराही तो रंग देतात. बेन्झी आणि स्ट्रेन यांची 1996 ची फ्रॅप चाचणी लोहाचे क्षपण मोजते आणि ती 3.6 सामूला होते, तर आपल्या रक्ताचा सामू 7.4 च्या आसपास असतो. एबीटीएस आणि ओरॅक या चाचण्यांत मूलके वेगळी, वेळ वेगळी, गणित वेगळे. त्यामुळे एकाच अर्काचा क्रम एका चाचणीत वर आणि दुसरीत खाली लागणे यात आश्चर्य नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने शेकडो खाद्यपदार्थांच्या ओरॅक मूल्यांची यादी प्रसिद्ध केली होती. 2012 मध्ये ती मागे घेतली गेली, कारण त्या मूल्यांवरून आरोग्यावरचा परिणाम सांगता येत नाही आणि जाहिरातींत मात्र त्यांचा सर्रास गैरवापर होत होता.

चाचण्या निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ घेऊ नये. दोन कापण्यांतला फरक, दोन द्रावकांची तुलना, साठवणीत अर्क किती उतरतो, तेल खवट होणे त्याने किती लांबते, या प्रश्नांना त्या उत्तम उत्तरे देतात. अन्न टिकवण्याच्या कामात तर परीक्षानळी आणि प्रत्यक्ष वापर यांत फार अंतर नसते. अंतर वाढते ते माणसाच्या शरीराशी गाठ पडल्यावर. गिळलेले फ्लॅव्होनॉइड आतड्यात आणि यकृतात बदलते, त्यावर सल्फेट किंवा ग्लुकुरोनिक आम्लाचे गट चढतात, आणि रक्तात मूळ रूपात फारच थोडे उरते. बायोकॅनिन-ए शरीरात जेनिस्टीन होते. डायड्झीनपासून आतड्यातले काही जिवाणू इक्वॉल बनवतात, पण असे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. म्हणून एकाच गोळीतून दोन माणसांना दोन वेगळी द्रव्ये मिळू शकतात. अशी द्रव्ये शरीरात उपयोगी पडत असतील, तर ती थेट मूलके टिपण्यापेक्षा पेशींची स्वतःची संरक्षक विकरे जागी करून पडत असावीत, असा आज अनेक अभ्यासकांचा कल आहे.

अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले, हा समज तर महागात पडलेला आहे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1994 मध्ये आले. रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण 18 टक्क्यांनी वाढलेले आढळले. खुद्द लाल क्लोव्हरची मोठी परीक्षा 2003 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून गरम वाफा येण्याचा त्रास असलेल्या 252 स्त्रियांना 12 आठवडे लाल क्लोव्हरच्या दोन प्रकारच्या गोळ्या किंवा बिनऔषधी गोळ्या दिल्या गेल्या. दिवसातल्या वाफा तिन्ही गटांत सरासरी पाचांच्या आसपास कमी झाल्या. बिनऔषधी गोळीपेक्षा क्लोव्हरने म्हणण्यासारखा फायदा दिला नाही. हा प्रयोग अँटिऑक्सिडंट गुणाचा नव्हता, पण परीक्षानळीवर विसंबून माणसाला सल्ला देऊ नये, हे त्याने ठासून सांगितले.

क्लोव्हर निरुपद्रवी आहे असे मानणाऱ्यांनी मेंढ्यांचा इतिहास जरूर वाचावा. पश्चिम ऑस्ट्रेलियात भूमिगत क्लोव्हरच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. बेनेट्स, अंडरवुड आणि शायर यांनी 1946 मध्ये या विकाराचे वर्णन केले. दोष फॉर्मोनोनेटिनचा निघाला : मेंढीच्या पोटात त्याचे डायड्झीन आणि मग इक्वॉल होते, आणि इक्वॉल स्त्रीसंप्रेरकासारखे वागते. बायोकॅनिन-ए मात्र त्याच पोटात निष्क्रिय द्रव्यापर्यंत मोडले जाते. पुढे पैदासकारांनी कमी फॉर्मोनोनेटिनचे वाण निवडले. दुसरी कथा गोड क्लोव्हरची. नावात क्लोव्हर असले, तरी ते मेलिलोटस या वेगळ्या प्रजातीतले. त्याच्या बुरशी लागलेल्या वाळक्या चाऱ्याने कॅनडा-अमेरिकेत गुरे रक्तस्रावाने मेली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या गटाने त्यातून डायकुमारॉल वेगळे केले, आणि त्याच वाटेने पुढे वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध आले. म्हणून गरोदर स्त्रिया, संप्रेरकांशी निगडित आजार असलेले आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, यांनी क्लोव्हरचा कोणताही अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. हे मी प्रस्तावनेतच लिहितो आहे, कारण अनेकजण पुस्तक पुढे वाचत नाहीत.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. आधी वनस्पती आणि तिचे स्वसंरक्षण, मग द्रव्ये, काढणीच्या पद्धती, चाचण्या, आणि शेवटी प्राणी व माणूस. रसायनशास्त्राचा परिचय नसलेल्या वाचकाने द्रव्यांचे प्रकरण ओझरते वाचले तरी चालेल. चाचण्यांचे प्रकरण मात्र वगळू नये. संज्ञा ठरवताना प्रयोगशाळेत बोलले जाणारे शब्दच ठेवले आहेत, म्हणजे विद्यार्थ्याला ते कामाच्या टेबलावर परके वाटणार नाहीत.

विद्यार्थ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या महाविद्यालयांत डीपीपीएच चाचणी करून प्रकल्प पुरा करणे सोपे झाले आहे. त्याच्या एक पाऊल पुढे जा. बरसीम, लसूणघास आणि मेथी ही तिन्ही आपल्या शेतात मिळतात. एकाच शेतातल्या वेगवेगळ्या कापण्या घ्या, पान-फूल-बी वेगळे ठेवा, पान तोडल्यापासून द्रावकात पडेपर्यंतची वेळ लिहून ठेवा, एकाहून अधिक चाचण्या लावा, आणि निकाल शून्य आला तरी तो नोंदवा. अशा नोंदी आपल्या मातीतल्या पिकांबद्दल उसन्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त सांगतील. आणि सर्वसामान्य वाचकाला एवढेच सांगणे आहे : कोणत्याही अर्काच्या बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द दिसला, की झाडाचा कोणता भाग, कसा काढला, कशाने मोजला आणि माणसांवर तपासला का, हे चार प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही तर ती बाटली विकत घेऊ नका.